विश्लेषण : मेलेल्या कावळ्यांनी न्यूयॉर्कला काय सांगितले? पशुवैद्यकीय पॅथॉलॉजिस्टचे काम का महत्त्वाचे?

न्यूयॉर्क शहरात १९९९ च्या उन्हाळ्यात मेंदूज्वराची साथ आली, तेव्हा तिचे पहिले अधिकृत निदान चुकले. ही चूक सर्वात आधी लक्षात आली ती प्राणिसंग्रहालयात मृत पक्ष्यांची तपासणी करणाऱ्या एका पशुवैद्यकीय पॅथॉलॉजिस्टच्या. गिधाडे का संपली, सिंधुदुर्गात माकड मेले की आरोग्य खाते का धावते, नागपुरात वाघ कशाने दगावले, या प्रश्नांची उत्तरेही याच शाखेने शोधली. हे काम नेमके कसे चालते, त्यासाठी काय शिकावे लागते आणि त्याकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याचा आढावा.

न्यूयॉर्कमध्ये नेमके काय घडले?

१९९९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स आणि ब्राँक्स भागांत कावळे मरून पडू लागले. त्याच सुमारास क्वीन्समधील एका रुग्णालयात ताप, गोंधळलेली अवस्था आणि स्नायूंचा अशक्तपणा अशी लक्षणे असलेले वयस्कर रुग्ण दाखल होऊ लागले. तेथील संसर्गरोगतज्ज्ञ डेबोरा अस्निस यांना त्यात काहीतरी वेगळे वाटले आणि २३ ऑगस्टला त्यांनी शहराच्या आरोग्य विभागाला कळवले. रुग्णांच्या रक्ताचे नमुने अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राकडे, म्हणजे ‘सीडीसी’कडे गेले. ३ सप्टेंबरला जाहीर झाले की हा ‘सेंट लुइस एन्सेफलायटिस’ आहे. हा डासांमार्फत पसरणारा मेंदूज्वर अमेरिकेत पूर्वीपासून माहीत होता. शहरात लगेच डासनाशक फवारणी सुरू झाली.

मेलेल्या कावळ्यांचा विषय मात्र वेगळ्याच टेबलावर पडून होता. माणसांचे आजार एका खात्याकडे आणि रानातले पक्षी दुसऱ्या खात्याकडे. दोन्ही घटना एकाच शहरात, एकाच महिन्यात घडत असूनही त्यांचा एकमेकांशी संबंध असेल असे फारसे कुणाला वाटले नाही.

शंका कुणाला आली आणि का?

ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात त्या वेळी ट्रेसी मॅक्नमारा या पॅथॉलॉजी विभागाच्या प्रमुख होत्या. कॉर्नेल विद्यापीठातून पशुवैद्यक झालेल्या मॅक्नमारा यांचे रोजचे काम म्हणजे संग्रहालयात मेलेल्या प्रत्येक प्राण्याच्या मृत्यूचे कारण शोधणे. संग्रहालयाच्या आवारात सापडलेले मृत कावळेही त्यांच्या टेबलावर येत होते. काहींच्या मेंदूत रक्तस्राव दिसत होता, काहींच्या हृदयाच्या स्नायूंना इजा झालेली होती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संग्रहालयातले पक्षीही दगावू लागले. त्यात चिलीचे फ्लेमिंगो होते, पाणकावळा होता आणि आशियाई फेझंटही होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या मेंदूला आलेली सूज स्पष्ट दिसत होती.

मॅक्नमारा यांचा तर्क साधा होता, पण त्यासाठी प्राण्यांच्या आजारांची खोल माहिती लागते. पहिला मुद्दा असा की सेंट लुइस विषाणू पक्ष्यांच्या शरीरात राहतो, पण तो पक्ष्यांना सहसा मारत नाही. मग इतके पक्षी मेले कशाने? दुसरा मुद्दा ‘ईस्टर्न इक्वाइन’ या मेंदूज्वराचा. तो पक्ष्यांना मारतो, पण त्याने सर्वात आधी इमू दगावतात आणि संग्रहालयातले इमू ठणठणीत होते. तिसरा मुद्दा बर्ड फ्लू आणि राणीखेत म्हणजेच मानमोडीचा. यांपैकी कुठलाही आजार असता तर मुलांसाठीच्या विभागातल्या कोंबड्या आणि टर्की आधी मेल्या असत्या. त्या जिवंत होत्या.

कोण मेले याइतकेच कोण मेले नाही हेही महत्त्वाचे असते, हे या कामाचे मूळ तत्त्व. त्यावरून मॅक्नमारा यांचा निष्कर्ष असा होता की एकतर माणसांचे निदान चुकले आहे किंवा शहरात एकाच वेळी दोन वेगळ्या साथी सुरू आहेत. पक्षी आणि माणसे एकाच रोगाने आजारी असतील तर तो रोग अमेरिकेने आजवर पाहिलेला नाही.

मग उशीर का झाला?

मॅक्नमारा यांनी सीडीसीशी संपर्क साधला. तेथे माणसांमधील निदान झालेले होते आणि पक्ष्यांच्या मृत्यूचा त्याच्याशी संबंध असल्याचे सुरुवातीला मानले गेले नाही. त्यांनी आयोवा राज्यातील एम्स येथील राष्ट्रीय पशुवैद्यकीय प्रयोगशाळेकडे नमुने पाठवले. तिथे पक्ष्यांच्या ऊतींमधून विषाणू वेगळा काढला गेला. नंतर मेरीलँडमधील फोर्ट डेट्रिक या लष्करी संशोधन संस्थेतही नमुने तपासले गेले. सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात चित्र स्पष्ट झाले. कॅलिफोर्नियातील एका प्रयोगशाळेत मृत रुग्णांच्या मेंदूच्या नमुन्यांवर झालेल्या तपासणीतूनही तेच उत्तर आले. हा ‘वेस्ट नाइल’ विषाणू होता. १९३७ मध्ये युगांडात सापडलेला हा विषाणू पश्चिम गोलार्धात प्रथमच आढळला होता.

पहिली चाचणी चुकली कशी? वेस्ट नाइल आणि सेंट लुइस हे दोन्ही विषाणू फ्लेव्हिव्हायरस कुळातले. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीतही प्रतिसाद देतात. ज्या विषाणूंची देशात शक्यता आहे त्यांच्याच चाचण्या करून पाहिल्या गेल्या आणि त्यांतला सर्वात जवळचा नातेवाईक ‘सापडला’. मृत पक्ष्यांचा पुरावा शेजारी ठेवला असता तर हे उत्तर लगेच संशयास्पद ठरले असते.

या उशिराने त्या वर्षी किती नुकसान झाले, हे मोजूनमापून सांगावे लागेल. दोन्ही आजार डासांमुळे पसरतात, दोन्हींवर नेमके औषध नाही, त्यामुळे फवारणी तशीही योग्यच होती. त्या वर्षी ६२ जणांना गंभीर आजार झाला आणि ७ जणांचा मृत्यू झाला. पण डासांनी न पसरणारा एखादा नवा रोग असता तर चुकीच्या निदानाची किंमत फार मोठी ठरली असती. पुढच्या काही वर्षांत वेस्ट नाइल अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला. आजवर तेथे २,००० हून अधिक लोक त्याने दगावले आहेत. २००२ मध्ये तो रक्तातूनही संक्रमित होतो हे कळले आणि २००३ पासून तेथे दान केलेल्या रक्ताची त्यासाठी तपासणी सुरू झाली.

या प्रकरणानंतर काय बदलले? २००० पासून अमेरिकेत वेस्ट नाइलसाठी राष्ट्रीय निगराणी यंत्रणा उभी राहिली. तीत रुग्णांबरोबर मृत पक्षी, घोडे आणि डास यांचीही नोंद होऊ लागली. मॅक्नमारा पुढे कॅलिफोर्नियातील एका पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक झाल्या. प्राणिसंग्रहालयांतील प्राणी हे ना ‘पशुधन’ ना ‘वन्यजीव’, त्यामुळे त्यांच्या आजारांची जबाबदारी कुणाचीच नसते, हा मुद्दा त्या मांडत राहिल्या.

पशुवैद्यकीय पॅथॉलॉजिस्ट म्हणजे कोण?

पॅथॉलॉजी म्हणजे विकृतिशास्त्र. पॅथॉलॉजिस्ट म्हटले की आपल्याला रक्त-लघवी तपासणारी लॅब आठवते. ते कामही त्यात येते, पण मूळ विषय त्याहून मोठा आहे. आजारामुळे शरीराच्या अवयवांत आणि पेशींत काय बदल होतात, हे पाहून आजार ओळखणे म्हणजे विकृतिशास्त्र. माणसांच्या पॅथॉलॉजिस्टला एकाच प्रजातीचे शरीर पाहायचे असते. पशुवैद्यकीय पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर सकाळी गाभण म्हैस, दुपारी ब्रॉयलर कोंबड्या आणि संध्याकाळी बिबट्या येऊ शकतो. प्रत्येकाची रचना वेगळी, आजार वेगळे, आणि रुग्ण स्वतःचे काहीही सांगू शकत नाही.

त्यांचे काम ढोबळमानाने तीन प्रकारचे असते. पहिले म्हणजे शवविच्छेदन. दुसरे म्हणजे जिवंत जनावराच्या गाठीचा किंवा ऊतीचा तुकडा तपासणे, ज्याला बायोप्सी म्हणतात. तिसरे म्हणजे रक्त, शरीरातील द्रव आणि पेशींची तपासणी. घरच्या कुत्र्याच्या अंगावरची गाठ साधी की कर्करोगाची, हे शेवटी पॅथॉलॉजिस्टच ठरवतो. शस्त्रक्रिया किती मोठी करायची, हे त्यावर अवलंबून असते.

शवविच्छेदनात काय पाहतात?

काम सुरू होते ते सुरीने नव्हे, प्रश्नांनी. जनावर कधी आजारी पडले, काय खात होते, लसीकरण झाले होते का, कळपातली बाकीची जनावरे कशी आहेत, जवळपास कुठली फवारणी झाली होती? मग शवाची बाहेरून तपासणी होते. त्यानंतर ठरलेल्या क्रमाने अवयव उघडले जातात. क्रम पाळण्याचे कारण असे की एखादी ठळक जखम दिसली की नजर तिथेच अडकते आणि खरे कारण दुसरीकडे राहून जाते.

प्रत्येक अवयवाचा रंग, आकार, वजन आणि घट्टपणा नोंदवला जातो. छोटे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, म्हणजे ते कुजत नाहीत. हे तुकडे पुढे मेणात बसवून केसापेक्षाही कितीतरी पातळ काप काढले जातात, रंगवले जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. विषाणू, जिवाणू किंवा विषाच्या तपासणीसाठी वेगळे, ताजे नमुने बर्फात ठेवून पाठवले जातात. कारण फॉर्मॅलिनमध्ये टाकलेल्या तुकड्यातून जिवंत विषाणू वाढवता येत नाही. कोणता नमुना कशात ठेवायचा, हा निर्णय चुकला की पुढची सर्व तपासणी वाया जाते.

सर्वात मोठा शत्रू म्हणजे वेळ. मृत्यूनंतर शरीरातलीच विकरे पेशी विरघळवू लागतात. आपल्याकडच्या उन्हात काही तासांतच आतडी आणि मेंदू ओळखण्यापलीकडे जातात. शव गोठवणे हाही चांगला उपाय नाही. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. म्हणून शव थंड ठेवावे, पण गोठवू नये, आणि लवकरात लवकर पोहोचवावे, हा या क्षेत्रातला पहिला धडा आहे.

शव उघडू नये, असे कधी ठरवतात?

फाशी म्हणजेच अँथ्रॅक्सचा संशय असेल तेव्हा. धडधाकट जनावर अचानक मेले, नाका-तोंडातून न गोठणारे काळसर रक्त आले, तर शव कापायचे नसते. या रोगाचे जिवाणू हवेच्या संपर्कात आले की बीजाणू तयार करतात आणि ते मातीत अनेक दशके टिकतात. एक चुकीचा काप एखाद्या गावाचे गायरान वर्षानुवर्षे धोकादायक करू शकतो. अशा वेळी कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन तपासतात आणि शव न उघडता खोल पुरतात किंवा जाळतात.

रेबीजच्या संशयातही विशेष काळजी घेतली जाते, कारण त्याचे निदान मेंदूच्या तपासणीवर होते. कुत्रा चावलेल्या माणसाला किती धोका आहे, हे त्या निदानावरून कळते.

गिधाडांचे कोडे कसे सुटले?

या शाखेचे सामर्थ्य दक्षिण आशियाने सर्वात मोठ्या प्रमाणावर पाहिले ते गिधाडांच्या बाबतीत. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश यांनी ही घट नोंदवली. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची देशातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. सुरुवातीला सर्वांना एखाद्या विषाणूचा संशय होता.

उत्तर सापडले पाकिस्तानच्या पंजाबमध्ये. अमेरिकेच्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे ताज्या मृत गिधाडांची शवविच्छेदने केली. बहुतेक गिधाडांच्या हृदयावर, यकृतावर आणि मूत्रपिंडांवर खडूसारखा पांढरा थर दिसला. तो युरिक आम्लाचा होता. याचा अर्थ मूत्रपिंडे निकामी झाली होती. विषाणू, जिवाणू, कीटकनाशके, जड धातू असे एकेक कारण तपासून बाद करण्यात आले. मग प्रश्न उलटा विचारण्यात आला. गिधाडे जे खातात त्या गुरांना असे कोणते औषध दिले जाते की जे मूत्रपिंडाला घातक आहे? उत्तर होते डायक्लोफिनॅक, हे स्वस्त वेदनाशामक. हे औषध दिलेल्या म्हशीचे मांस गिधाडांना खाऊ घातले तेव्हा ती त्याच पद्धतीने मेली. २००४ मध्ये हे संशोधन ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात असल्याने २०१५ मध्ये एका कुपीतले प्रमाण ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक या औषधांवरही जनावरांसाठी बंदी आली. पण तोवर बहुतेक गिधाडे गेली होती. आजार पसरला त्या पहिल्या वर्षांत ताजी शवे प्रयोगशाळेपर्यंत पोहोचली असती तर कदाचित इतका उशीर झाला नसता.

भारतात मृत प्राण्यांनी आधी इशारा दिला होता का?

होय, आणि न्यूयॉर्कच्या ४२ वर्षे आधी. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात माकडे आणि वानरे मरू लागली. आजूबाजूच्या गावांतही तीव्र तापाची साथ होती. माकडे आणि माणसे एकत्र मरत आहेत म्हटल्यावर संशय पीतज्वराचा, म्हणजे यलो फीव्हरचा होता. तो खरा असता तर आशियात हा रोग प्रथमच पोहोचला असता. पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्रातील पथक तिथे गेले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणजे एनआयव्ही ती हीच. मृत माकडांच्या नमुन्यांतून त्यांनी विषाणू वेगळा काढला. तो पीतज्वराचा नव्हता, तर गोचिडीमार्फत पसरणारा नवा विषाणू होता. त्याला ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ असे नाव मिळाले. इथे प्राण्यांचे आणि माणसांचे नमुने एकाच पथकाने एकत्र पाहिले आणि म्हणून कोडे लवकर सुटले.

हाच रोग आता कोकणात ‘माकडताप’ म्हणून ओळखला जातो. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ पासून सिंधुदुर्गच्या दोडामार्ग परिसरात त्याचे रुग्ण आढळले. काजूच्या हंगामात लोक बागांत आणि रानात जातात, तोच गोचिडींचाही काळ असतो. माकड मेले की त्याचे शरीर थंड पडते आणि अंगावरच्या गोचिडी दुसऱ्या उबदार शरीराच्या शोधात खाली उतरतात. त्यामुळे मेलेले माकड दिसले की त्याची तपासणी करणे, शव जाळणे आणि त्या जागेभोवती कीटकनाशक फवारणे हे तातडीचे काम ठरते. एका मृत माकडाची वेळेवर मिळालेली खबर काजूच्या बागेत जाणाऱ्या कुटुंबाचा जीव वाचवू शकते.

महाराष्ट्रातील अलीकडचे उदाहरण कोणते?

नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठवण्यात आले आणि जानेवारी २०२५ मध्ये अहवाल आला. कारण होते बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू. मांजरकुळातील प्राण्यांना खाद्यातल्या कोंबडीच्या मांसातून हा संसर्ग होऊ शकतो, हे २००३-०४ मध्ये थायलंडमधील प्राणिसंग्रहालयांत वाघ-बिबटे मेले तेव्हाच दिसले होते. नागपूरच्या अहवालानंतर राज्यातील प्राणिसंग्रहालयांना सतर्क करण्यात आले.

ज्या भोपाळच्या संस्थेने हे निदान केले, तिचे नाव महाराष्ट्राने २००६ मध्येही ऐकले होते. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्या मेल्या आणि देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक निश्चित झाला तो तिथल्याच चाचण्यांवरून.

वाघाच्या मृत्यूत आणखी एक पैलू असतो. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीनुसार प्रत्येक वाघाचा मृत्यू, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, शिकार मानून तपासला जातो. विषप्रयोग, विजेचा धक्का, फासा की दोन वाघांची झुंज, हे शवविच्छेदनातून ठरते आणि तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहतो.

शेतकऱ्याशी याचा काय संबंध?

थेट पैशांचा. विमा काढलेली गाय किंवा म्हैस मेली तर दाव्यासाठी शवविच्छेदन अहवाल लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गोठ्यातले एक जनावर मेले की बाकीच्यांचे काय करायचे, हे निदानावर अवलंबून असते. घटसर्प, फऱ्या, फाशी आणि विषबाधा या सगळ्यांत ‘अचानक मेले’ एवढेच दिसते, पण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. घटसर्प असेल तर लस आणि प्रतिजैविक, विषबाधा असेल तर चारा बदलणे. चुकीच्या अंदाजावर औषध दिले तर खर्चही होतो आणि दुसरे जनावरही जाते. कोंबडीपालनात तर मेलेल्या दोन-चार पक्ष्यांची तपासणी हीच हजारो पक्ष्यांच्या शेडची तपासणी असते.

हे करिअर कसे घडते?

बारावी विज्ञान शाखेनंतर ‘नीट’द्वारे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. या पदवीला प्रवेश मिळतो. हा अभ्यासक्रम एक वर्षाच्या इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचा आहे. त्यानंतर पशुवैद्यकीय विकृतिशास्त्रात दोन वर्षांची एम.व्ही.एस्सी. आणि पुढे पीएच.डी. करता येते. महाराष्ट्रात नागपूरला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाअंतर्गत मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला येथे पशुवैद्यकीय शिक्षण मिळते. मुंबईत परळचे महाविद्यालय १८८६ पासून सुरू आहे. बरेलीची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, म्हणजे आयव्हीआरआय, हे उच्च शिक्षणाचे मोठे केंद्र. या संस्थेची सुरुवात १८८९ मध्ये पुण्यात झाली होती, हे फारसे कुणाला माहीत नसते. अमेरिकेत पदवीनंतर साधारण तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण आणि अवघड बोर्ड परीक्षा पार करावी लागते. भारतातही पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेशी संलग्न अशी विशेषज्ञ पदविका आहे.

नोकऱ्या कुठे? विद्यापीठे आणि महाविद्यालये, पुण्यात औंध येथील पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग, आयसीएआरच्या संस्था, कुक्कुटपालन कंपन्या, पाळीव प्राण्यांसाठीच्या खासगी निदान प्रयोगशाळा आणि वन्यजीव केंद्रे. यांखेरीज एक मोठे क्षेत्र फारसे चर्चेत येत नाही. ते म्हणजे औषधनिर्मिती. नवे औषध माणसांवर वापरण्याआधी प्रयोगशाळेतील प्राण्यांवर तपासले जाते. त्या प्राण्यांच्या यकृतात, मूत्रपिंडात काही बिघाड झाला का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ‘औषध सुरक्षित आहे की नाही’ हा अहवाल पशुवैद्यकीय पॅथॉलॉजिस्ट लिहितो.

अडचणी कोणत्या आहेत?

दुर्गंधी, संसर्गाचा धोका आणि कामाची वेळ ठरलेली नसणे, या उघड अडचणी. रेबीज, अँथ्रॅक्स, बर्ड फ्लू हे रोग हाताळणाऱ्यालाही होऊ शकतात. न्यूयॉर्कमध्ये काय हाताळतो आहोत हे कळण्याआधीच मॅक्नमारा यांनी कितीतरी पक्ष्यांचे मेंदू उघडले होते. मोजे, मास्क, रेबीजची प्रतिबंधक लस आणि सुरक्षित प्रयोगशाळा ही या कामाची गरज आहे, चैन नव्हे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. उपचार करून जनावर बरे करणारा डॉक्टर सर्वांना दिसतो. शव उघडून पुढचे मृत्यू टाळणारा दिसत नाही. त्याचे यश म्हणजे न आलेली साथ. त्यामुळे निधी आणि मनुष्यबळाच्या वेळी या शाखेची आठवण उशिरा होते.

तिसरी अडचण खात्यांमधल्या भिंतींची. गुरे पशुसंवर्धन खात्याकडे, वाघ वन खात्याकडे, रुग्ण आरोग्य खात्याकडे. विषाणूला ही वाटणी माहीत नसते. प्राणी, माणूस आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करण्याच्या ‘वन हेल्थ’ या संकल्पनेवर आता भर दिला जात आहे. नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. पण एकत्र येण्याचा खरा कस इमारतीत नाही, तर मेलेल्या माकडाचा अहवाल तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत किती तासांत पोहोचतो यात आहे.

नागरिकांनी काय करावे?

एकाच ठिकाणी अनेक पक्षी किंवा माकडे मरून पडलेली दिसली तर हात लावू नये, मुलांना आणि कुत्र्यांना दूर ठेवावे. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ आणि वन खात्याचा १९२६ हे टोल फ्री क्रमांक त्यासाठी आहेत. जनावर अचानक दगावले तर ते ओढ्यात किंवा माळावर टाकून देऊ नये आणि कातडे काढू नये. आधी पशुवैद्यकाला कळवावे. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अनुसूचित सांसर्गिक रोगांची माहिती कळवणे पशुमालकावर बंधनकारक आहे.

न्यूयॉर्कमधले कावळे रुग्णालये भरण्याच्या आधीपासून मरत होते. पुरावा फुटपाथवर पडलेला होता. तो उचलून तपासणारी व्यक्तीही शहरातच होती. कमी होती ती फक्त तिचे म्हणणे वेळेवर ऐकून घेणारी व्यवस्था. पुढचा मृत पक्षी कुठे पडेल हे सांगता येत नाही. तो टेबलापर्यंत पोहोचेल आणि टेबलावरचा अहवाल योग्य माणसाच्या हाती जाईल, एवढी व्यवस्था मात्र आधीच करून ठेवता येते.